भागधारकांची सभा

गौतमी ओव्हाळचं जे काही वाकडं झालं, ते तिला इंग्रजी चांगलं येत होतं म्हणून झालं. नुसतं गवत कळत असतं तर पोरगी सुखात राहिली असती. गवत कळणाऱ्या माणसाला कुणी स्टेजवर बसवून हातात माईक देत नाही, आणि हातात माईक नसला की माणूस निम्म्या भानगडींतून आपोआप वाचतो. पण हिला दोन्ही येत होतं. म्हणून दोन हजार नऊ सालच्या फेब्रुवारीत, दौंडच्या एका मंगल कार्यालयात, ती एका गोऱ्या बाईच्या आणि खुर्च्या भरून बसलेल्या शेतकऱ्यांच्या मधोमध अडकून बसली होती. आदल्या दिवशी तिथं कुणाचं तरी लग्न लागलं होतं. अक्षता अजून सतरंजीवर तशाच पडलेल्या होत्या.

गोऱ्या बाईचं नाव हेल्गा. मोठी शास्त्रज्ञ. त्या सुमाराला जगभर एक खटाटोप चालला होता. हवामानाचं काय चाललंय ते सांगायला जगातल्या शास्त्रज्ञांचं एक मंडळ आधीच होतं, आणि सरकारं त्याचं ऐकायची, निदान ऐकल्यासारखं तरी करायची. तर झाडं, जनावरं, माती, पाणी यांच्यासाठीही असंच एक मंडळ काढावं, असं बऱ्याच जणांच्या मनानं घेतलं होतं. मंडळ कसं असावं, त्यानं कुणाचं ऐकावं, एकट्या शास्त्रज्ञांचं की ज्यांच्या दारात ती झाडं-जनावरं आहेत त्यांचंही, यावर देशोदेशी बैठका झडत होत्या. पुण्याच्या सत्यजीत सरांनी आपल्या सगळ्या ओळखी खर्ची घालून त्यातली एक लहानशी बैठक दौंडला ओढून आणली होती. सर म्हणजे गौतमीचे साहेब. त्यांची संस्था माळरानांवर काम करायची. माणूस वाईट नव्हता, पण कुणी पाहुणा आला की त्याला आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं भांडंच दाखवायचं, अशातला होता.

सरांचं चांगलं भांडं म्हणजे तरडेमाळचं गायरान. दौंडहून पश्चिमेला जाऊन भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो, तिथं वडगाव रासाईच्या अलीकडं हे गाव. गायरानात चिंकारा होता, लांडगा होता, खोकड होतं, आणि जमिनीवर अंडी घालणारी असली पाखरं होती की ती बघायला पुण्याहून माणसं दुर्बिणी घेऊन यायची. सरांना हेल्गाबाईंना दाखवायचं होतं की बघा, इथं शास्त्र आणि गाव एकत्र आलं. शास्त्रानं सांगितलं आणि गावानं आपणहून गायरान राखायला दिलं. उद्या मंडळ उभं राहिलं की त्याच्या पहिल्या पानावर तरडेमाळचं नाव. फक्त एकच कसर होती. गावानं अजून काही दिलेलं नव्हतं. ते या सभेत द्यायचं होतं. सभेनं हो म्हटलं की सरपंच पोपटराव पंचायतीत ठराव घेणार आणि गायरानातली अतिक्रमणं उठणार.

अतिक्रमण हा शब्द ऐकायला काही वाटत नाही. पण त्यातलं एक अतिक्रमण म्हणजे गौतमीचा सख्खा मामा होता.

म्हाळू रणपिसे. तरडेमाळच्या बौद्धवाड्यातली पंधरा-वीस घरं गायरानाच्या एका अंगाला वहिती करत आली, त्यातलं हे एक घर. जमीन कसली, नुसता मुरूम! पण पाऊस झाला तर बाजरी यायची, कमी झाला तर मटकी यायची, आणि काहीच आलं नाही तरी आपल्या रानात उभं राहिल्याचं समाधान मिळायचं. जुनी अतिक्रमणं नावावर करून द्यायची असं सरकारनं कधीचं ठरवलेलं होतं. म्हाळूमामानं त्यासाठी तलाठ्याच्या, सर्कलच्या, तहसीलदाराच्या दारात चपला झिजवल्या. होईल, होईल, म्हणत सगळ्यांची बदली होऊन गेली. गौतमीची आई ती लहान असतानाच वारली. बाप दौंडच्या रेल्वेत, कायम ड्युटीवर. तेव्हा पोरगी वाढली ती मामाच्या घरात आणि चांगुणामामीच्या हाताखाली. कुसळं कुठली, पवन्या कुठला, मारवेल कुठलं, हे ती शिकली ती मामाच्या बांधावर.

आणि याच बांधावर बसून, मामीनं बांधून दिलेली भाकरी खाऊन, तिनं एमएस्सीला गवताचा अभ्यास केला. अभ्यासातून निघालं ते सरळ होतं. नांगर लागला की हे गवत मरतं. पुन्हा येता येत नाही, निदान आपल्या हयातीत तरी. गवत गेलं की पाखरं जातात, पाखरांमागं बाकीचं जातं. तिनं दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं, कुठं चूक सापडते का बघितलं. मेली चूक काही सापडेना. गाईडनं शाबासकी दिली, सरांनी नोकरी दिली, मामानं गावात पेढे वाटले. पेढे कशाचे वाटतोय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि तिनं सांगितलं नाही. सांगू, सांगू म्हणता राहिलं.

आता सभेच्या निमंत्रणाचं ऐका. सरांनी इंग्रजीत मजकूर दिला. ज्याचं ज्याचं या जागेशी काही देणंघेणं आहे अशा सगळ्यांना बोलवायचं, आणि त्यासाठी इंग्रजीत एक शब्द आहे, स्टेकहोल्डर. गौतमीनं आधी लिहिलं, ‘हितसंबंधी’. सरांनी नाक मुरडलं.

“हितसंबंधी म्हणजे लबाड लोक वाटतात गं. पेपरात नसतं का, हितसंबंधी मंडळींनी योजना गिळली. काहीतरी चांगलं लिही.”

तिनं एका सरकारी पत्रकात बघितलं. तिथं होतं, ‘भागधारक’. छान वाटलं. ज्यांचा भाग आहे ते. तिनं लिहिलं, सरांनी छापलं, आणि पंचायतीच्या भिंतीवर, सोसायटीच्या दारावर, दूध डेअरीत, सगळीकडं कागद चिकटले : सर्व संबंधित भागधारकांनी सभेस अगत्य उपस्थित राहावे.

अहो, हा उसाचा मुलूख! इथं भागधारक म्हणजे ज्याच्याकडं साखर कारखान्याचा शेअर आहे तो, दुसरा कुणी नाही. शेअर म्हणजे ऊस, ऊस म्हणजे पाण्याखालची जमीन. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. गौतमीला कळायला नको होती का? कळत होती की. पण पुण्यात बसून इंग्रजीतून मराठी करताना माणसाला आपलं गाव आठवत नाही, शब्द तेवढे आठवतात. चांगुणामामीनं डेअरीपाशी कुणाकडून तरी तो कागद वाचून घेतला आणि घरी येऊन म्हणाली, “कारखान्याचं हाय कायतरी. आपला कुठं भाग आन् आपण कुठं धारक!” झालं. बौद्धवाड्यातलं कुणीच फिरकलं नाही.

हे गौतमीच्या ध्यानात आलं ते थेट स्टेजवर. समोर बघते तर पांढऱ्या टोप्याच टोप्या. पहिल्या रांगेत पोपटराव, कडक इस्त्रीचे, पायावर पाय टाकून. मागं त्यांचे भाऊबंद, सोसायटीचे, पाणीवाटपाचे. बौद्धवाड्यातलं एक तोंड दिसेल तर शपथ. तिला वाटलं, येतील, एसटी चुकली असेल. तेवढ्यात एक आबा उठून उभे राहिले.

“म्याडम, एकच इचारतो. दुसरा हप्ता कवा सोडणार?”

“बरोबर हाय! आधी हप्त्याचं बोला!” मागून चार-पाच जण.

हेल्गाबाईंनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, ते काय म्हणतायत? गौतमी म्हणाली, उसाच्या पैशांचं विचारतायत. बाईंना काही उमजेना. चिंकाऱ्याच्या सभेत ऊस कुठून आला? गौतमीला मात्र एका क्षणात सगळं उमजलं. तिनं लिहिलेल्या एका शब्दानं दारात उभं राहून माणसं निवडली होती. ज्यांचं रान जाणार होतं त्यांना घरी ठेवलं होतं, आणि ज्यांचं काहीच जाणार नव्हतं त्यांना जेवायला बोलावलं होतं.

पोपटरावांनी हात वर करून हप्तेवाल्यांना बसवलं. सभा कशाची आहे हे त्यांना नीट माहीत होतं. गायरान एकदा मोकळं झालं की पुढं त्याचं काय होतं हे ते बघणारच होते. शेवटी रांजणगावचे कारखाने काही लांब नाहीत, आणि त्यांना जागा लागतेच. पण ते आजचं नव्हतं. आज गवत वाचवायचं होतं, आणि गवत वाचवायला त्यांची काहीच हरकत नव्हती.

हेल्गाबाई बोलायला उठल्या. चांगलं बोलल्या. त्यांच्या आवाजात कळकळ होती. त्या म्हणाल्या, हे मंडळ कुणावर हुकूम चालवणार नाही. शास्त्र काय सांगतं ते आम्ही सांगू. काय करायचं ते ठरवणं आमचं काम नव्हे.

गौतमीनं माईक जवळ घेतला. “बाई म्हणतायत, मंडळ फक्त सांगणार. ठरवणार नाही.”

“ठरवायला आम्ही हायेत की!” पोपटराव बसल्या जागेवरून म्हणाले, आणि सगळं कार्यालय हसलं.

हसण्याचंही भाषांतर करायचं असतं. तिनं ते केलं. बाईही हसल्या. त्यांना ते फार आवडलं, गावानं स्वतः ठरवायची हौस धरली म्हणून.

मग सरांनी ठरावाचा कागद हातात घेतला. “तरडेमाळ गावच्या गायरानातील गवताळ क्षेत्र...” एवढंच वाचलं असेल नसेल, मागून आवाज आला, “मंजूर!” आणि लगेच सगळीकडून, “मंजूर! मंजूर!” कारखान्याच्या वार्षिक सभेची ही रीतच आहे. विषय क्रमांक एक म्हटलं की मंजूर, दोन म्हटलं की मंजूर, आणि जेवणाच्या पंगती. विषय काय होता हे घरी जाऊन बायकोनं विचारलं तर सांगता यायचं नाही. पण सरांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांच्याच पोराचं लग्न लागलं.

“एवढ्या लवकर?” हेल्गाबाईंनी विचारलं. “सगळ्यांना मान्य आहे?”

गौतमी सांगायला गेली की ही इथली नुसती पद्धत आहे. सर मराठीत हळूच म्हणाले, “तू फक्त भाषांतर कर.” तिनं माईक बाजूला ठेवला आणि आधी चहा घेऊया म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

चहाच्या वेळात ती नवरीला तयार करतात त्या खोलीत शिरली. आरशाला टिकल्या चिकटलेल्या होत्या. तिथूनच मामाला मोबाईल लावला. नशिबानं मामा-मामी दौंडलाच होते, बाजारात बोकड विकायला आलेले.

“मामा, आत्ताच्या आत्ता कार्यालयात या. तुमच्या रानाचं चाललंय.”

“आगं, ती भागधारकांची हाय ना? मी कवापासून शेअरवाला झालो?”

“शब्द माझा चुकला, मामा! तुम्हीच आहात भागधारक. या तुम्ही!”

“बरं बरं, येतो. रडू नगं,” मामा म्हणाला. ती रडत नव्हती, पण त्याला तसं ऐकू आलं असावं.

मागं वळते तर दारात सर. ते तिला शोधायला आले होते. तिनं सगळं घडाघडा सांगून टाकलं, शब्द कसा चुकला, कोण आलेलं नाही, ही संमती कशी खरी नाही. “आणि सर, त्या वहितीवाल्यांत माझा मामा आहे.”

सर टेकले तिथल्याच खुर्चीवर. “हे तू मला आत्ता सांगतेस? बाई बाहेर बसल्यात. किती वर्षांनी आपलं कुणी ऐकून घेतंय, तुला कळतंय ना?”

“कळतंय, सर.”

“आणि तुझ्या थिसिसमध्ये काय आहे? नांगरटीनं गवत जातं, की नाही जात?”

“जातं.”

“मग? खोटं काय करतोय आपण?” त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. “मामा येतोय तर येऊ दे, त्याचं भाषांतर कर. पण स्वतःचं काही बोलू नकोस. तुझ्या तोंडून आलं की ते घरचं होतं. मग गवतही गेलं आणि मामाही.”

सर चुकीचं बोलत नव्हते. मामाही चुकीचा नव्हता. आणि ती स्वतः दोघांच्या मधे अशी कात्रीत सापडली होती की कुठल्याही अंगाला हललं तरी लागणारच. पळून जावं असं फार वाटलं तिला. पण नवरीच्या खोलीला दार एकच होतं, आणि ते स्टेजकडंच उघडत होतं.

सभा पुन्हा बसली आणि म्हाळूमामा आला. बोकड बाहेर खांबाला बांधून, मामीला त्याच्यापाशी ठेवून, टॉवेलनं तोंड पुसत तो खुर्च्यांच्या मधून पुढं आला.

“बोकड घेऊन आला का रं, म्हाळू? त्यालाबी मत हाय का?” कुणीतरी ओरडलं.

“गवत त्योच खातोय, त्याला आधी इचारा,” मामा म्हणाला. लोक हसले. मामाही हसला. बोलायला तो कधी मागं नव्हता.

पोपटराव उठले. “हे बघा, सभेला शिस्त असती. हा भागधारक न्हाई. सभासद नसल्याला बोलता येत न्हाई.”

हेल्गाबाईंनी विचारलं, काय चाललंय? गौतमीनं सांगितलं, हा गृहस्थ गायरानात शेती करतो, त्याला बोलायचंय, आणि सरपंच म्हणतात त्याला अधिकार नाही. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, मग मी आले कशाला? त्यांना बोलू द्या. पोपटरावांना बसावं लागलं.

मामानं माईक लाटण्यासारखा आडवा धरला. “राम राम न्हाई करत, जय भीम करतो समद्यास्नी. माझ्या बापानं त्यो तुकडा फोडला. तवा तितं दगडाबिगर काय न्हवतं. दगड येचून आमच्या बायांचे हात फुटले. सरकार म्हणलं नावावर करून देतो, अजून देतंय. आता म्हणत्यात उठा, हरणाला जागा पायजे. हरणाला जागा पायजेच की! आम्ही कवा मारलं हरीण? पण हरणाला एवढा माळ पडलाय, त्याला आमचीच भाकरी कशी दिसली? पोपटआप्पांचा ऊस न्हाई दिसला त्याला?”

गौतमी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत गेली. दुभाष्यानं दुसऱ्याचं बोलणं ‘मी’ म्हणूनच सांगायचं असतं. माझ्या बापानं फोडला, ती म्हणाली. आमच्या बायांचे हात फुटले, ती म्हणाली. मामीचे हात तिला आठवले. पण एक अक्षर तिनं गाळलं नाही. हेल्गाबाई लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी मामाकडं दोनदा वर बघितलं. गौतमीला वाटलं, होतंय. काहीतरी होतंय.

तेवढ्यात मामानं हात लांब केला, तिच्याकडं.

“आन् मी म्हणतो त्यात खोटं असलं तर तिला इचारा. माझी भाची हाय ती. आमच्याच बांधावर बसून तिनं समदं गवत मोजलंय. आमच्या नांगरानं कुणाचं काय वाईट झालं का, ती सांगंल.”

“व्हय, व्हय! इचारा की!” पोपटराव झटकन म्हणाले. सरांच्या मागं लागून त्यांनी तिच्या थिसिसचा सारांश कधीच मराठीत करून घेतला होता.

आता आली का पंचाईत! हे वाक्य गाळावं असं तिला वाटलं. भाची हा शब्द तरी गाळावा. तिनं तेवढा गाळला. ती इंग्रजीत म्हणाली, “ते म्हणतायत, या बाईंना विचारा, यांनी तिथं अभ्यास केलाय.”

हेल्गाबाई वळल्या. “तुम्ही केलाय? मग तुम्हीच सांगा. या शेतीनं त्या गवताळ माळाचं नुकसान होतं का?”

सगळ्या टोप्या तिच्याकडं वळल्या. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, पण सवाल कुणाला विचारलाय ते कळलं होतं. मामा खाली उभा, मान वर करून, तोंडावर हसू. शाळेच्या गॅदरिंगला ती भाषण करायची तेव्हा तो असाच पुढं येऊन उभा राहायचा. नाही म्हणावं. एक शब्द. नाही होत नुकसान. कोण तपासणार होतं? पण तो शब्द काही केल्या तिच्या जिभेवर येईना. ज्या गवतावर ती वाढली त्याच्याबद्दल खोटं बोलायला तिला जमलंच नाही.

“होतं,” ती इंग्रजीत म्हणाली. “नांगरलं की ते गवत पुन्हा येत नाही. माझ्याच अभ्यासात तसं निघालंय.”

आणि ‘पण’ म्हणायला तिनं श्वास घेतला. पण या लोकांना दुसरं काही नाही. पण त्यांना सभेला बोलावलंच नाही, माझ्याच चुकीनं. पण उसानं आणि कारखान्यांनी याच्या कितीतरी पट माळ खाल्लाय, तो कुणी मोजायला सांगितला नाही. सगळं तयार होतं ओठांवर.

सरांनी तिच्यासमोरचा माईक उचलला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं.

“मला एक सांगितलंच पाहिजे,” ते इंग्रजीत म्हणाले. “हा माणूस तिचा सख्खा मामा आहे. त्यानंच तिला वाढवलं. आणि तरीही तिनं आत्ता काय सांगितलं, ते तुम्ही ऐकलंत.”

हेल्गाबाई उभ्या राहिल्या. गौतमीचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी तो हलवला, मग टाळ्या वाजवू लागल्या. बाई वाजवतायत म्हटल्यावर पोपटराव वाजवू लागले, मग त्यांच्या मागची रांग, मग सगळं कार्यालय. आणि सगळ्यात जोरात, दोन्ही हात डोक्यावर नेऊन, म्हाळूमामा. भाचीनं बाजी मारली होती. गोरी बाई उठून उभी राहिली होती. आणखी काय पाहिजे? त्या टाळ्यांतच कुणीतरी पुन्हा “मंजूर” म्हणालं, आणि लोक जेवायला उठले.

ताटं वाढली जात होती तेव्हा गौतमीनं हेल्गाबाईंना गाठलं आणि राहिलेलं सगळं सांगितलं. बाईंनी ताट खाली ठेवून ऐकलं. खरोखर ऐकलं, आणि त्यांना वाईट वाटलेलंही दिसत होतं.

“तुमच्यासारखी माणसं मंडळात हवीत,” त्या म्हणाल्या. “पण या कुटुंबांचं काय करायचं हे मी कसं सांगू? ते इथल्या लोकांनीच ठरवायला हवं. आम्ही नाही ठरवत.” आणि जाताना त्यांनी तिला आपला पत्ता दिला.

पोपटराव पंगतीत बसून पानावरचं पाणी पुसत होते. तिला बघून म्हणाले, “बस की गं पोरी. जेवून घे.”

ती जेवली नाही. बाहेर आली. मामा खांबाचा कासरा सोडत होता. बोकड विकायचं राहून गेलं होतं, बाजार पांगला होता, पण मामाला त्याचं काही नव्हतं. पलीकडच्या चहावाल्याला, पानवाल्याला, मामीला, सगळ्यांना तो एकच सांगत होता.

“आगं चांगुणा, तू आत पायजे व्हतीस! बाई उठून उभी राहिली. हात धरला हिचा. आपला पोपटआप्पा टाळ्या वाजवतोय, मी म्हणलं ह्याला झालंय काय!”

मामीनं गौतमीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. फुटलेली, दगडासारखी बोटं. “काय सांगितलंस गं एवढं, बाई?”

गौतमीला तिथंच खाली बसून ओरडून रडावंसं वाटलं. सांगावं, आत्ता सांगावं, नंतर जमायचं नाही. पण मामा तिच्याकडं बघत होता, आणि तसल्या तोंडाला कुणी काय सांगायचं?

“खरं तेच सांगितलं, मामी,” ती म्हणाली.

“तेवढंच पायजे व्हतं!” मामा म्हणाला. “एवढी वर्सं आमच्या बाजूनं खरं सांगणारं कुणी न्हवतं, म्हणून तर भ्यायचो. आता कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई. औंदा मृगाला वरल्या अंगाचा पडीक तुकडाबी नांगराखाली घेतो. काय, घिऊ ना?”

“व्हय,” गौतमी म्हणाली.